फुकट मिळणाऱ्या मांजराचा हिशेब

शेल्टरमधून दत्तक आणलेल्या मांजराची किंमत शून्य. पहिल्या वर्षाचा खर्च मात्र रोह्याजवळच्या वरसेसारख्या ठिकाणी हात राखून केला तर साधारण १५ हजार रुपये होतो, आणि दुकानदार दाखवेल त्या प्रत्येक वस्तूला मान डोलावली तर तीस-पस्तीस हजारांवर जातो. या दोन आकड्यांमधला फरक मांजराच्या अंगावर दिसत नाही, घरातल्या अडगळीत दिसतो. मखमली गादी, तीन मजली खेळघर, नाव कोरलेली वाटी यांचं मांजराला काही पडलेलं नसतं. त्याला लागतात लशी, वेळेवर नसबंदी, खिडकीला धड जाळी आणि पहिले काही दिवस दार बंद राहील अशी एक खोली. म्हणून पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे अजिबात वाचवायचे नाहीत, हे आधी ठरवा आणि मग मांजर आणा.

खाली दिलेले दर दुकानात, ऑनलाइन आणि खासगी दवाखान्यांत साधारणपणे लागतात तेवढे आहेत. डॉक्टर आणि गाव बदललं की थोडे खाली-वर होणारच.

रोह्याला लागून असलेल्या वरसेत घरटी मांजर ही काही नवलाई नाही. ओटीवर येऊन बसणारं, मच्छी साफ करताना नेमकं हजर होणारं, कुणाचंच नसलेलं आणि तरी चार घरी जेवणारं मांजर प्रत्येक आळीत आहे. शेल्टरचं मांजर तसं नसतं. ते मुंबईच्या किंवा पुण्याच्या एखाद्या खोलीत, पिंजऱ्यात नाहीतर कुणाच्या फ्लॅटमध्ये सांभाळलेलं असतं. इथल्या दांडग्या बोक्यांशी, रस्त्यावरच्या कुत्र्यांशी, पावसाळ्यात पायरीखाली येऊन बसणाऱ्या घोणशीशी त्याची कधी गाठ पडलेली नसते. ‘आणलं, दूध दाखवलं आणि सोडलं’ ही जुनी रीत त्याला लागू केली, तर चौथ्या दिवशी तुम्ही त्याचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून शोध घेत असाल.

पिल्लू की मोठं?

खर्चाचा मोठा निर्णय इथेच होतो. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू आणलंत, तर लशींचे सगळे डोस, जंतांची औषधं आणि नसबंदी तुमच्या खिशातून. वर्ष-दोन वर्षांचं मांजर घेतलंत, तर चांगल्या संस्थेने त्याची नसबंदी आणि पहिल्या लशी बहुधा आधीच केलेल्या असतात. म्हणजे सरळ पाच ते आठ हजार रुपये वाचले. शिवाय मोठ्या मांजराचा स्वभाव कळलेला असतो. मुलांच्या गडबडीत ते टिकेल का, घरातल्या कुत्र्याला सोसेल का, हे संस्थेची माणसं सांगू शकतात. पिल्लाबाबत हा सगळा जुगार. तरीही लोक पिल्लंच उचलतात आणि शांत, समजूतदार, पोटाला सैल झालेली मोठी मांजरं मागे राहतात. माझं मत विचाराल तर पहिल्यांदाच मांजर पाळणाऱ्याने मोठं, नसबंदी झालेलं मांजर मागावं.

मुंबईत ‘वर्ल्ड फॉर ऑल’ आणि ‘फेलाइन फाउंडेशन’, पुण्यात ‘रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट’ या संस्था मांजरांसाठी काम करतात. जिथून घ्याल तिथे ओळखपत्र, पत्ता, घराचे आणि खिडक्यांचे फोटो मागतील, करारावर सही घेतील. याचा राग मानू नका. जिथे काहीच विचारत नाहीत, तिथूनच सावध व्हा. तुम्हीही मागा: लसीचं पुस्तक, नसबंदी झाल्याचा कागद, आतापर्यंतच्या आजारांची माहिती. लसीच्या पुस्तकात कुपीवरचं छोटं स्टिकर चिकटवलेलं असायला हवं. त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत असते. नुसती तारीख आणि सही पुरेशी नाही.

आणि एक फसवणूक ओळखून ठेवा. ‘पर्शियन पिल्लू दत्तक द्यायचं आहे, फक्त वाहतुकीचे तीन हजार आधी पाठवा’ अशा जाहिराती समाजमाध्यमांवर फिरत असतात. पैसे जातात, मांजर येत नाही. न पाहिलेल्या जनावरासाठी आगाऊ पैसे पाठवायचे नाहीत. पाठवून बसलात तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा. वेळ गेला की पैसे परत मिळण्याची आशाही जाते. विकतच घ्यायचं असेल, तर २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. तो कागद बघायला मागा.

आणायचं कसं

हवेशीर, कडक प्लास्टिकची पेटी ९०० ते १,८०० रुपयांना मिळते. पैसे वाचवायची ही जागा नव्हे. पुठ्ठ्याचा खोका वडखळपर्यंत भिजतो किंवा फाटतो, आणि चालत्या गाडीत सुटलेलं मांजर ब्रेकच्या पायडलखाली शिरतं. पुढे दवाखान्याच्या प्रत्येक फेरीला हीच पेटी लागणार आहे. आत जुना टॉवेल घाला, वरून पातळ चादर टाका, आणि निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका, म्हणजे ओकारी कमी. पिल्लू फार लहान असेल तर ते किती वेळ उपाशी ठेवायचं हे मात्र डॉक्टरांना विचारा.

मुंबईहून पेण, नागोठणे, भिसे खिंड असा गाडीचा रस्ता सगळ्यात सोयीचा. दिवा–रोहा गाडीने किंवा एसटीने आणायचा विचार असेल, तर आधी पार्सल कार्यालयात किंवा आगारात विचारून रीतसर पावती करा. ऐनवेळी तपासनीसाशी हुज्जत घालत बसण्यात मांजराचे हाल होतात. दोन-तीन जणांनी मिळून भाड्याची गाडी केली, तर त्याच फेरीत परळला ‘बैलघोडा हॉस्पिटल’मध्ये तपासणीही होऊ शकते. १८८३ सालापासून चालणारं हे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशु रुग्णालय, आणि खासगी दवाखान्यांच्या तुलनेत तिथलं बिल हलकं असतं.

दिवस निवडतानाही थोडा विचार करा. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं, दार सताड उघडं. दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी, मग दिवाळीचे फटाके. या काळात नवं मांजर आणणं म्हणजे ते पळून जावं अशी सोय करणं. पावसाळ्याचा मधला काळ किंवा दिवाळीनंतरची थंडी बरी.

पहिला आठवडा: खर्च कमी, संयम जास्त

एक खोली रिकामी करा. पूर्ण घर पहिल्या दिवशी दाखवायचं नाही. खोलीच्या एका कोपऱ्यात पाणी आणि खाणं, त्याच्या लांबच्या कोपऱ्यात शी-शूचं भांडं, आणि मध्ये कुठेतरी एका बाजूला भोक पाडलेला पुठ्ठ्याचा खोका. हा खोका किराणा दुकानात फुकट मिळतो आणि दीड हजाराच्या गुहेपेक्षा मांजराला तोच आवडतो. पलंगाखालची, कपाटामागची फट आधीच बुजवा, नाहीतर ते तिथे शिरेल आणि घरातले सगळे टॉर्च घेऊन जमिनीवर पालथे पडतील.

पहिले दोन-तीन दिवस ते लपून राहील. राहू द्या. त्याला ओढून काढू नका, कुशीत घेऊ नका, शेजाऱ्यांना दाखवायला बोलावू नका. त्या खोलीत जाऊन जमिनीवर बसा आणि आपलं वर्तमानपत्र वाचा. मुलांना तिथे गृहपाठ करायला बसवलं तर दोघांचंही भलं. मांजर रात्री बाहेर येऊन खातं, खोली हुंगतं, सगळीकडे गाल घासून आपला वास लावतं. वास हीच त्याची ओळखपाळख, म्हणून शेल्टरमधून त्याच्या अंथरुणाचा एक तुकडा मागून आणा आणि आठवडाभर न धुता तिथेच ठेवा. खोलीत फिनाईल वापरू नका. फिनॉलचा अंश असलेली द्रव्यं मांजराला विषारी असतात, आणि ते पंजे चाटतं. साबणाचं पाणी पुरे.

तिथे खात होतं तेच खाणं पहिला आठवडा द्या. मग नवं खाणं थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवसांत बदल करा. पहिल्या दिवशी कमी खाल्लं तर चालतं. पण पूर्ण २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा, कारण उपाशी मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठते आणि ते दुखणं जिवावर बेततं. बोका पुन्हा पुन्हा भांड्यात जाऊन बसतो आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर वाट पाहायचीच नाही. मूत्रमार्ग तुंबलेला असतो आणि एक-दोन दिवसांत खेळ संपू शकतो.

घरात आधीचं मांजर असेल, तर नव्याला दोन आठवडे वेगळं ठेवा. आधी दाराच्या दोन बाजूंना बसवून जेवायला घाला, मग एकमेकांची फडकी बदला, आणि शेवटी समोरासमोर आणा. फिस्कारणं होणारच. त्यात पडू नका.

माती, भांडं, बाकी सटरफटर

शी-शूचं तयार भांडं ४०० ते ८०० रुपयांना येतं. बांधकामाच्या दुकानातलं उथळ प्लास्टिकचं घमेलं शंभर-दीडशे रुपयांत तेच काम करतं. बेंटोनाइटची तयार माती पाच किलोला २५० ते ४५० रुपये, आणि एका मांजराला ती तीन-चार आठवडे पुरते. आपल्याकडे भाताच्या गिरणीतला तूस आणि वखारीतला लाकडाचा भुसा जवळजवळ फुकट मिळतो. दोन्ही चालतात, पण घाण रोज काढावी लागते आणि सगळा भुसा दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो. चाळलेली वाळू उन्हाळ्यात उत्तम, आषाढात मात्र ती वाळत नाही आणि घरभर वास सुटतो. पावसाळ्यापुरती तयार माती विकत घ्या आणि बाकीचे आठ महिने स्थानिक माल वापरा, हा मला सगळ्यात परवडणारा मार्ग वाटतो.

शेल्टरमध्ये वापरत होते ती थोडी माती पहिल्या दिवशी नव्या भांड्यात मिसळा, म्हणजे जागा कोणती हे त्याला आपोआप कळतं. घरात कुणी गरोदर असेल तर भांडं साफ करायचं काम दुसऱ्याने घ्यावं आणि रोजच्या रोज करावं. टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग शिळ्या शीमधून होतो, ताजी काढून टाकली की धोका बराच उतरतो. मांजर घराबाहेर काढायची गरज नसते.

वाट्या घरातल्या स्टीलच्या. नखं घासायला दुकानातला खांब ६०० ते १,५०० रुपये. त्याऐवजी लाकडाच्या ठोकळ्याला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा, नाहीतर काथ्याचं पायपुसणं भिंतीला ठोका. सोफ्याजवळच ठोका, कारण त्याची नजर सोफ्यावर असते. गळ्यात घंटा बांधायची हौस असेल तर ओढ बसताच सुटणारा पट्टा घ्या, पक्क्या बकलाचा पट्टा फांदीत अडकून फास बसतो.

जाळीवर मात्र खर्च करा. नायलॉनची जाळी बसवून चौरस फुटाला साधारण १५ ते ३० रुपये पडते. दोन खिडक्या आणि एक गॅलरी धरली तर दोन-अडीच हजार. डासांची जाळी हा पर्याय नव्हे, ती नखांनी फाटते. तळमजल्याच्या घराला ग्रिलमधली फट आधी मोजा. डोकं गेलं की मांजर गेलं.

जेवण

चार किलोच्या मोठ्या मांजराला कोरडं खाणं दिवसाला ५० ते ६० ग्रॅम पुरतं, म्हणजे महिन्याला दीड-पावणेदोन किलो. व्हिस्कास, मीओ, ड्रूल्स असे नेहमीचे ब्रँड किलोला साधारण ३५० ते ४५० रुपये धरा. महिना सहाशे ते आठशे. ओल्या खाण्याची ८५ ग्रॅमची पुडी चाळीस-पन्नास रुपयांना पडते. रोज एक दिली तर तोच खर्च दोन-अडीच हजारांवर जातो, म्हणून ती औषध लपवण्यापुरती ठेवा. सुटं, प्लास्टिकच्या पिशवीत मोजून दिलेलं खाणं स्वस्त वाटतं, पण त्याला मुदतीची तारीख नसते आणि कोकणातल्या हवेत ते महिन्याभरात खवट होतं. पाकिटावरच्या छापील किमतीत सगळे कर आलेले असतात, वर एक रुपयाही मागता येत नाही. मागितलाच तर पावती घ्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर कळवा.

घरचं खाणं देणार असाल तर दूध-भातावर भागत नाही. मांजर मुळात मांसाहारी. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळतो, तो कमी पडला की डोळे आणि हृदय बिघडतं. उकडलेलं, बिनमिठाचं चिकन किंवा काटे काढून शिजवलेला बांगडा चालेल, पण निम्मं तरी पूर्णाहाराचं कोरडं खाणं सोबत हवं. कच्ची मच्छी रोज नको. सुकट, जवळा, बोंबील मांजर जीव टाकून खातं, पण खारवलेल्या सुक्या मच्छीतलं मीठ त्याला सोसत नाही. आणि दूध! बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात. आजीला हे पटवणं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग आहे. पटलं नाहीच तर वाटीत पाणी जास्त आणि दूध नावाला.

कांदा-लसूण घातलेला रस्सा, चॉकलेट, द्राक्षं द्यायची नाहीत.

डॉक्टरांकडचा खर्च

पहिली तपासणी २०० ते ५०० रुपये. मांजरांची तिहेरी लस (पॅनल्यूकोपेनिया, हर्पिस, कॅलिसी) एका डोसला ८०० ते १,३०० रुपये. पिल्लाला आठ-नऊ आठवड्यांनंतर पहिला डोस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर, २०० ते ४०० रुपये, आणि पुढे दरवर्षी. जंतांचं औषध एका वेळी पन्नास ते शंभर. पिसवांसाठी मानेवर टाकायचं औषध २५० ते ५००. हे औषध मांजराचंच आहे ना, हे पाकिटावर वाचून घ्या. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, आणि ते मांजराच्या अंगावर टाकलं तर झटके येऊन मांजर दगावतं.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नाममात्र शुल्क लागतं. तिथला मुख्य व्याप गाई-म्हशी-शेळ्यांचा, पण मांजराची तपासणी, जंत आणि जखम यासाठी तिथे जायला काहीच हरकत नाही. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री क्रमांक आहे, मात्र ती फिरती पथकंही प्रामुख्याने गुरांसाठीच. मांजरांची तिहेरी लस हाताशी नसेल, तर पेण, अलिबाग किंवा पनवेलला जावं लागेल. लस स्वतः औषध दुकानातून आणून टोचून घ्यायची असेल, तर ती २ ते ८ अंश तापमानात राहिली पाहिजे. बर्फाच्या पिशवीशिवाय आणलेली लस टोचणं म्हणजे पाणी टोचणं.

नसबंदी खासगीत बोक्याची दीड ते साडेतीन हजार, भाटीची तीन ते सहा हजार. संस्थांकडे याहून कमी. पाच-सहा महिन्यांचं मांजर झालं की करून टाका, कारण भाटी चौथ्या-पाचव्या महिन्यातही माजावर येऊ शकते आणि नऊ आठवड्यांत चार पिल्लं हातात पडतात. न केलेला बोका भिंतीवर फवारे मारतो, रात्र-रात्र बाहेर राहतो आणि कान फाटून परत येतो. त्या जखमांचा खर्च बेरजेला धरला तर नसबंदी स्वस्तच. बिल मागा. त्यात भूल, टाके, नंतरची औषधं आणि तपासणीची फेरी धरली आहे का, हे आधी विचारा. ‘ऑपरेशन दोन हजार’ सांगून शेवटी साडेतीन झाल्याची तक्रार नेहमीची.

घरगुती उपचार करू नका. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. कपाटातल्या डांबरगोळ्या, उंदराचं औषध, फुलदाणीतली लिली यांच्यापासूनही ते लांब हवं. मांजराने चावलं किंवा ओरबाडलं तर पंधरा मिनिटं साबण-पाण्याने जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. रेबीजची लस तिथे मोफत आहे.

वर्षाचे १५ हजार कसे होतात ते सांगतो: वस्तू सतराशे, डॉक्टर पाच हजार, खाणं पावणेआठ हजार, माती हजारभर. यात जाळी धरलेली नाही, ती घरागणिक बदलते. यात अचानक उद्भवणारं आजारपणही नाही. मूत्रमार्ग तुंबला किंवा गाडीचा धक्का लागला, तर पनवेल-मुंबईत एका फटक्यात पाच ते पंधरा हजार जातात. दरमहा तीनशे रुपयांचं आवर्ती खातं पोस्टात काढून ठेवा. ज्यांना हे तीनशे जड वाटतात त्यांनी सध्या मांजर घेऊ नये, असं मी स्पष्टच म्हणेन.

बाहेर सोडायचं की नाही, यावर घरोघर वाद होतात. नसबंदी आणि लशी पूर्ण झाल्याशिवाय, आणि किमान महिना-सव्वा महिना घरात मुरल्याशिवाय तर मुळीच नाही. त्यानंतरही भातशेतीच्या दिवसांत उंदरांसाठी विष ठेवलेलं असतं आणि पावसाळ्यात साप वर आलेले असतात, तेव्हा घरातच बरं.

आणि इतकं करूनही जमलं नाही, बदली झाली, घरात कुणाला दम्याचा त्रास सुरू झाला, तर संस्थेला फोन करा. परत घेण्याची अट बहुतेक करारांत असते. मांजर पोत्यात घालून मच्छी बाजारात किंवा नदीपलीकडे सोडून येऊ नका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातल्या कलम ११ नुसार पाळलेलं जनावर असं उपाशीतापाशी वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे.